जुनी रेमिंग्टन ७०० ट्रू करून घ्यावी की सरळ कस्टम अ‍ॅक्शन घ्यावी? (एफ-टीआर, ६०० यार्ड)

माळरान
नमस्कार मंडळी. मी टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या बाहेर राहतो, माझ्याकडे रेमिंग्टन ७०० रायफल आहे, .३०८ काडतुसाची, २६ इंची जाड बॅरल, इतके दिवस हरणाच्या सीझनला आणि एरवी रेंजवर १००-२०० यार्डला वापरत होतो. गेल्या वर्षापासून क्लबच्या ६०० यार्डाच्या एफ-टीआर (रायफल बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर ठेवून झोपून मारायचा प्रकार) मॅचेस खेळायला लागलो आणि आता त्याचीच चटक लागलीय. प्रश्न असा आहे की बॅरल संपलंय. बोअरस्कोप घालून बघितलं तर चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) पुढचा घसा उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलाय, तेव्हा नवीन बॅरल लागणारच.

गनस्मिथकडे गेलो तर तो म्हणाला रायफल उघडतोच आहोत तर अ‍ॅक्शन (रिसीव्हर, म्हणजे बॅरल ज्याला जोडतात तो मुख्य भाग, आणि त्यात सरकणारा बोल्ट) पूर्ण ट्रू, म्हणजे एका अक्षात सरळ, करून घे, त्यात रिसीव्हरचा फेस, आटे, लगच्या (बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या) सीट, बोल्टचा फेस, शिवाय जाड रिकॉइल लग, फायरिंग पिनला बुश, नवा एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा), बोल्ट हँडलचं टायमिंग, दुर्बिणीच्या रेलचे मोठे स्क्रू. सगळं मिळून सातशे डॉलरच्या घरात, बॅरल आणि चेंबरिंग वेगळं. क्लबातले लोक म्हणतात सातशे कशाला घालवतोस, हजार-बाराशेत कस्टम अ‍ॅक्शन येते, ही ७०० विकून टाक. दोन्ही बाजू ऐकून डोकं फिरलंय, तुम्ही काय कराल आणि का, ते सांगा.

पश्चिमवारा
आधी एक सांगा, बॅरल नवं होतं तेव्हा ही रायफल कशी मारायची? बोल्ट उचलताना जड जायचा का, केस (काडतुसाच्या पितळी नळ्या) अडकायच्या का, अकारण एखादी गोळी बाहेर जायची का? याची उत्तरं कळल्याशिवाय सातशे काय आणि बाराशे काय, कशालाच अर्थ नाही.

मी अ‍ॅरिझोनात असतो, एफ-टीआरच खेळतो, फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर. ६०० यार्डाच्या टार्गेटवर एक्स रिंग ३ इंचाची आणि दहाची रिंग ६ इंचाची. म्हणजे मधोमध धरलं तर दहाच्या कडेपर्यंत तुमच्याकडे फक्त ३ इंच आहेत. आता .३०८ मधून १७५ ग्रेन वजनाची गोळी घ्या, आडवा वारा ताशी १ मैलाने चुकीचा वाचला की ती ६०० ला साधारण तेवढीच सरकते, ३ इंच. एक मैल म्हणजे गालाला जाणवेल न जाणवेल असा फरक. तुमचा बोल्ट फेस एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वाकडा असला तर त्याने किती सरकते? नीट बॅरल आणि नीट भरलेल्या राउंड्स असतील तर मला तरी टार्गेटवर ते वेगळं काढून दाखवता येणार नाही, आणि बहुतेकांना येणार नाही. बॅरल चांगलं घ्या, क्रीगर, बार्टलाइन, ब्रक्स, जे मिळेल ते, चेंबर करणारा माणूस चांगला शोधा, आणि उरलेले पैसे गोळ्या, पावडर आणि मॅच फीमध्ये घाला.

गोफण
पश्चिमवारा यांच्याशी अर्धा सहमत. बॅरल सगळ्यात महत्त्वाचं हे शंभर टक्के बरोबर. पण धागाकर्त्याचा प्रश्न पैशाचा पण आहे आणि तिथे लोक हिशोब अर्धवट करतात.

फॅक्टरी अ‍ॅक्शनमध्ये पैसे घातले की ते बुडतात. विकायला गेलात की समोरचा माणूस त्याला रेमिंग्टन ७०० म्हणूनच भाव देतो, आत काय काम केलंय ते त्याला दिसत नाही आणि दिसलं तरी त्याचे पैसे तो देत नाही. कस्टम अ‍ॅक्शन वापरलेली असली तरी बऱ्यापैकी किंमत टिकवून ठेवते. दुसरं म्हणजे वेळ. चांगल्या गनस्मिथकडे महिनोन्‌महिन्यांची रांग असते, ट्रूइंगला दिलेली रायफल सीझन गेला तरी परत येत नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, प्रीफिट बॅरल. झरमॅटची ओरिजिन, डिफायन्स, इम्पॅक्ट, हे लोक रिसीव्हरच्या फेसपासून बोल्ट फेसपर्यंतचं माप इतकं सारखं ठेवतात की बॅरलवाला तुमची अ‍ॅक्शन न बघता बॅरल तयार करून कुरिअरने पाठवतो. तुम्ही घरी व्हाइसमध्ये धरून पाना मारून बसवायचं, गो आणि नो-गो गेजने हेडस्पेस (बंद बोल्टपुढे केसला मिळणारी जागा) तपासायचं, झालं. दर वेळी रायफल गनस्मिथकडे न्या, तिथे ठेवा, वाट बघा हा प्रकारच नाही. स्पर्धेत खेळणाऱ्या माणसाचं बॅरल संपतच राहतं, .३०८ आहे म्हणून तुम्हाला एका बॅरलमधून तीन ते पाच हजार गोळ्या मिळतील, ६ एमएम क्रीडमोरवाल्यांना विचारा, त्यांचं हजार-दीड हजारातच संपायला येतं.

जुन्या ७०० ची तुमची माया कळते मला, पण ती शिकारीला तशीच ठेवा की.

टूलरूम_भोसरी
धागा आवडीचा म्हणून सविस्तर लिहितो. भोसरीच्या एका टूलरूममध्ये लेथ शिकलो, नंतर इकडे ओहायोत आलो, पोटापाण्याला एअरोस्पेसचं मशिनिंग करतो, आणि ओळखीच्या एका लायसन्सवाल्या गनस्मिथच्या शॉपमध्ये वीकेंडला त्याच्या हाताखाली अ‍ॅक्शनची कामं करतो. दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं त्यात कुठे काय होतं हे नीट येत नाही म्हणून सांगतो.

रेमिंग्टनने ७०० आणली १९६२ साली, त्याच्या आधी १९४८ ची ७२१ आणि ७२२ होती, त्याच घराण्यातली. माइक वॉकर नावाचा इंजिनियर यामागे होता, तो स्वतः बेंचरेस्टचा (टेबलावर रायफल टेकवून अचूकता आजमावण्याच्या खेळाचा) नेमबाज. त्याने रिसीव्हर गोल बारमधून काढला, म्हणजे लेथवर पटकन होतो, आणि रिकॉइल लग वेगळी वॉशरसारखी प्लेट करून बॅरल आणि रिसीव्हरच्या मध्ये दाबली. यामुळे रायफल स्वस्त पडली आणि भूमिती मुळात चांगली राहिली, गोल वस्तू बेडिंगमध्ये सारखी बसते. म्हणूनच अर्धं कस्टम जग आजही त्याच मापांवर चालतं, ट्रिगर, स्टॉक, चेसिस, सगळं ७०० च्या फूटप्रिंटचं.

मग वाकडं काय असतं? फॅक्टरी लाखांत माल काढते, त्यामुळे सगळीकडे टॉलरन्स सैल. बोल्टचा व्यास ०.६९५ इंचाच्या आसपास आणि ज्या वाटेत तो फिरतो ती जवळजवळ दहा थाऊ मोठी. रिसीव्हरचा फेस बोल्टच्या अक्षाला काटकोनात असेलच असं नाही. दोन लगांपैकी एकच टेकते असं बऱ्याचदा दिसतं, निळी शाई लावून बोल्ट बंद केला की लगेच कळतं. आटे (१ पूर्णांक १/१६ इंच, इंचाला १६) थोडे तिरके असू शकतात. ट्रूइंग म्हणजे मँड्रेलवर रिसीव्हर धरून, डायल लावून, हे सगळं बोल्टच्या अक्षाला जुळवून घेणं.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. ट्रिगर कॉक झाला की सिअर (ट्रिगरचा खटका) कॉकिंग पीसला (फायरिंग पिनच्या मागच्या तुकड्याला) वर ढकलते, त्यामुळे बोल्टचा मागचा भाग वर उचलला जातो आणि वरची लग सीटवरून सुटते. तुम्ही टेबलवर बोल्ट आणि रिसीव्हर घेऊन कितीही लॅपिंग (घासून बसवणं) केलं, दोन्ही लगांवर झकास चकाकी आणली, तरी रायफल कॉक केल्यावर तो कॉन्टॅक्ट राहत नाही. हे सुधारायचं तर बोल्ट मागच्या बाजूला घट्ट बसायला हवा, म्हणजे बोल्टला स्लीव्ह करा किंवा मोठ्या व्यासाचा नवा बोल्ट घ्या. नुसत्या लॅपिंगचे पैसे घेणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा, आणि काय उत्तर देतो ते बघा. कस्टमवाले इथेच पुढे जातात. बरेचसे हीट ट्रीटमेंट झाल्यावर शेवटचं मशिनिंग करतात, बोल्टची वाट वायर-ईडीएमने (ठिणगीने कापणाऱ्या तारेने) काढतात, त्यामुळे ती सरळ राहते आणि मोकळीक कमी ठेवता येते. बॉर्डेन तर बोल्टवर पुढे आणि मागे उंचवटे ठेवतो, बोल्ट मोकळा सरकतो आणि बंद झाला की घट्ट.

दुसरी गोष्ट प्रायमरी एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे केस सुटी करणारा पहिला झटका. ७०० चं हँडल बोल्टला ब्रेझिंगने चिकटवलेलं असतं. ते थोडं जरी चुकीच्या जागी चिकटलं तरी हँडल उचलताना केसला जो मागे ओढणारा झटका मिळायला हवा तो मिळत नाही. थंडीत कळत नाही, ऑगस्टमध्ये टेक्ससच्या उन्हात जोरदार लोड मारलात की केस अडकते आणि लोक लोडला दोष देतात.

माझं मत हे की कामांची यादी बघून पैसे देऊ नका. आधी अ‍ॅक्शन मोजून घ्या, मग ठरवा. सगळ्याच ७०० वाकड्या नसतात. काही इतक्या सरळ निघाल्या आहेत की आमचा गनस्मिथ म्हणाला यात हात घालून मी उगाच बिघडवेन.

रानवाट
कोलोरॅडोत एल्कच्या मागे डोंगर चढणारा माणूस आहे, म्हणून वेगळी बाजू सांगतो. घट्ट मोकळीक सगळ्यांनाच हवी असते असं नाही. बर्फ, वाळू, पाइनचा कचरा बोल्टच्या वाटेत गेला की फॅक्टरीची ती सैल वाट चालत राहते आणि फार घट्ट केलेली अ‍ॅक्शन खरखरायला लागते. जुनी माऊजर ९८ पण ढिलीच वाटते हाताला, पण तिच्यावर लोकांनी जगभर शिकार केली.

आणि फॅक्टरी म्हणजे रेमिंग्टनच असं काही नाही. टिका घ्या, फिनलंडच्या रीहिमाकीला साकोच्या कारखान्यात बनते, टी३ आली २००३ ला, टी३एक्स २०१६ ला. तिचा बोल्ट पहिल्या दिवसापासून असा फिरतो की ट्रू करायचा विचारच मनात येत नाही. शिकारीसाठी रायफल लागणाऱ्या नव्या माणसाला मी दुसरं काही सुचवत नाही.

माळरान
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.
पश्चिमवारा, बॅरल नवं असताना १०० यार्डला हाताने भरलेल्या १६८ ग्रेनने पाच गोळ्या पाऊण इंचात सहज यायच्या, कधी अर्ध्या इंचात. बोल्ट उचलायला थोडा जड आहे, केस अडकत नाहीत. एकच त्रास आहे, लापुआच्या पाल्मा केस वापरायला लागलो तेव्हापासून प्रायमरवर (केसच्या बुडाच्या पेटवणाऱ्या टिकलीवर) पिनच्या खड्ड्याभोवती कडा उठते, एक-दोनदा प्रायमर फुटून गॅस पण आला. हा लोडचा प्रॉब्लेम समजू का?

टूलरूम_भोसरी
लोड जोरात असेल तर तो तपासाच, पण हे लक्षण ओळखीचं आहे. पाल्मा केसमध्ये स्मॉल रायफल प्रायमर बसतो, त्याचा पत्रा लार्जपेक्षा पातळ. ७०० चं फायरिंग पिनचं भोक आणि पिन यांच्यात मोकळी जागा जास्त असते, दाबाने प्रायमरचा पत्रा त्या जागेत मागे ढकलला जातो. भोकाला बुश बसवून पिन ०.०६८ किंवा ०.०६२ इंचाची करून घेतली की हे बंद होतं. तुमच्या यादीतलं हे एकच काम मी डोळे मिटून करायला सांगेन. खर्च शंभराच्या आसपास, आणि फक्त बोल्ट पोस्टाने पाठवूनही होतं. आणि प्रायमर फुटत असताना तो लोड मारू नका, डोळ्यांची काळजी घ्या.

गोफण
बघा, एकेक करत यादी वाढायला लागली की नाही? बुश, मग लग, मग एक्स्ट्रॅक्टर. कस्टममध्ये हे सगळं आधीच असतं. रिकॉइल लग रिसीव्हरमधूनच काढलेली असते किंवा पिन मारून पक्की केलेली असते, रेलला ८-४० चे स्क्रू असतात, ७०० ला ६-४८ चे बारीक. ओरिजिनला बोल्ट हेड तरंगता आहे, म्हणजे दोन्ही लग आपोआप टेकतात, आणि हेड बदलून .२२३ पण करता येते. एफ-टीआरला .२२३ आणि .३०८ दोनच चालतात, एका अ‍ॅक्शनवर दोन्ही.

जुनापुराणा
गोफण, तुमचा मुद्दा नव्याने बांधणाऱ्याला लागू आहे, पण ज्याच्याकडे रिसीव्हर आधीच आहे त्याचं गणित वेगळं. अमेरिकन आर्मीचंच उदाहरण घ्या. १९८८ ला त्यांनी एम२४ घेतली, रेमिंग्टन ७०० वरच, आणि .३०८ असूनही लाँग अ‍ॅक्शन घेतली. पुढे अफगाणिस्तानात लांबचा पल्ला कमी पडायला लागला तेव्हा २०१० पासून त्याच एम२४ रायफली .३०० विनचेस्टर मॅग्नममध्ये बदलून घेतल्या, एम२०१० नावाने. बॅरल नवीन, चेसिस नवीन, दुर्बीण नवीन, सप्रेसर नवीन, आणि रिसीव्हर जुनाच ठेवला. लाँग अ‍ॅक्शन होती म्हणूनच हे जमलं. पैशाची कमी असलेली संस्था नाही ती, तरी हातात असलेला रिसीव्हर त्यांनी फेकला नाही.

आणि रेमिंग्टनचं काय काय झालं ते पण लक्षात असू द्या. २०१८ ला दिवाळखोरी, २०२० ला परत, मग तुकडे करून विक्री. इलियनचा कारखाना, न्यूयॉर्क राज्यातला, १९व्या शतकापासून चालत होता, तो २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला आणि काम जॉर्जियात लाग्रँजला गेलं. त्यामुळे फक्त अ‍ॅक्शन वापरायला, डोनर म्हणून, ७०० घेणाऱ्याने कोणत्या काळातली आहे ते बघून घ्यावी, आणि कोणत्याही काळातली असली तरी मोजून घ्यावी.

नवखा_डॅलस
धाग्याशी थोडं अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मी एच-वन-बीवर आहे, डॅलसला. रेंजवर मित्राची रायफल मारून बघितली, फार आवडलं. मी नुसती अ‍ॅक्शन विकत घेऊ शकतो का, बाकी पार्ट हळूहळू जोडत? अ‍ॅक्शन म्हणजे पार्टच ना?

जुनापुराणा
अवांतर अजिबात नाही, उलट हे आधी सांगायला हवं होतं. इथल्या केंद्रीय कायद्याने रिसीव्हर म्हणजेच बंदूक. सिरियल नंबर त्याच्यावर असतो. बॅरल, स्टॉक, ट्रिगर घरपोच येतात, अ‍ॅक्शन मात्र लायसन्सवाल्या डीलरकडे येते आणि तिथे फॉर्म ४४७३ भरून, बॅकग्राउंड चेक होऊनच हातात मिळते.
आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते नसताना रेंजवर मित्राची हातात घेणंसुद्धा या मनाईत येतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील तर ते पण बघावे लागतील. फॉर्मवर काही चुकीचं लिहिलं गेलं तर इमिग्रेशनला आयुष्यभर अडचण होईल, त्यामुळे आधी वकिलाशी बोला, मगच पुढचं पाऊल टाका. हे भीती घालायला म्हणत नाही, ओळखीतल्या मुलांना हे माहीत नसतं म्हणून कळकळीने लिहितोय.

नवखा_डॅलस
बापरे, हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद काका. वकिलाशी बोलेपर्यंत रेंज बंद.

पंचगंगा
मी कोल्हापूरची, ५० मीटर प्रोन (झोपून) आणि थ्री पोझिशन खेळायचे, आता मुलींना शिकवते. तुमच्याकडचा हा अ‍ॅक्शनचा प्रकार वाचून नवल वाटलं कारण स्मॉलबोअरमध्ये (.२२ च्या रायफलींत) आमच्याकडे कोणी अ‍ॅक्शनला हात लावत नाही. अ‍ॅनशुट्झची ५४ अ‍ॅक्शन किंवा ब्लायकर घेतली की ती तशीच, आम्ही वेळ घालवतो लॉट टेस्टिंगमध्ये. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या, पण लॉट बदलला की त्याच रायफलचा ग्रुप दुप्पट होतो, म्हणून रायफल व्हाइसमध्ये धरून लॉट निवडायचा आणि मिळेल तेवढा घेऊन ठेवायचा. पश्चिमवारा म्हणतात तेच, अ‍ॅक्शनच्या आधी बॅरल आणि गोळी. तेजस्विनीताई सावंत २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, दोघंही आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातले याचा अभिमान आहेच, पण त्या पातळीवर गोळ्यांच्या लॉटचा विचार किती बारकाईने करावा लागतो ते बाहेरून कळत नाही.

इकडचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: भारतात घरी किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे हे असलं काही करायचं मनात पण आणू नका. आर्म्स अ‍ॅक्टखाली बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, बदल करणं, सगळ्याला लायसन्स लागतं.

टूलरूम_भोसरी
पंचगंगा ताई, अगदी बरोबर, आणि ओहायोत बसून मी पण हेच सांगतो. आमच्या शॉपमध्ये पण काम लायसन्सच्या छताखाली आणि वहीत नोंद करूनच होतं.

परत मूळ मुद्द्यावर. माळरान, तुमच्या गनस्मिथच्या यादीत आटे नव्याने काढायचं पण आहे ना? त्यावर थांबा. आटे सरळ करायचे तर ते मोठे होतात, साधारण दहा थाऊने. मग स्टँडर्ड ७०० चं कुठलंही तयार बॅरल तुमच्या रिसीव्हरला बसणार नाही, प्रत्येक बॅरलची शेपटी तुमच्या मापाने वेगळी काढावी लागणार, आणि तुम्ही त्या एका गनस्मिथला कायमचे बांधले गेलात. तो शॉप बंद करून गेला तर पुढचा माणूस आधी तुमचे आटे मोजत बसेल. शिवाय आटे थोडे तिरके असले तरी बॅरल शेवटी खांद्यावर आणि रिसीव्हरच्या फेसवर घट्ट बसतं, फेस काटकोनात असेल तर उरलेला फरक त्यात बराचसा सामावतो. मी फेस आणि लगच्या सीट करेन, आटे तसेच ठेवेन.

गोफण
याला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या ओळखीत एकाने एका शॉपमध्ये आटे मोठे करून घेतले आणि नंतर नटवालं बॅरल मागवलं, बसलंच नाही, पैसे आणि दोन महिने गेले.

आणि हो, नटचा पर्याय कोणी बोललं नाही. सॅव्हेज ११० मध्ये १९५८ पासून बॅरल नट आहे, तोच प्रकार ७०० साठी मिळतो, लोक त्याला रेमेज म्हणतात. नटमुळे बॅरल पुढे-मागे करून गो गेजवर हेडस्पेस लावता येतं, त्यामुळे प्रत्येक रिसीव्हरचं माप वेगळं असलं तरी चालतं. आटे मूळचे असतील तर माळरान यांच्या ७०० वर प्रीफिटचा फायदा असाही मिळतो. कस्टमची शिफारस मी मागे घेत नाही, पण ज्या रायफलने पाऊण इंचात मारलंय तिच्यात सातशे घालू नका हे मलाही पटलं.

रानवाट
गोफण भाऊ, हे बोललात ते आवडलं.

माळरान
काल डायल लावून मोजायला दिली होती, आज फोन आला. दुसऱ्या गनस्मिथकडे नेली, त्याने आधी मोजायचे पैसे घेतले आणि मग बोलला, ही पद्धत मला पटली. रिसीव्हरचा फेस दीड थाऊ बाहेर आहे, खालची लग पूर्ण टेकते, वरची अर्धीच, बोल्ट फेस ठीक, आटे ठीक, हँडलचं टायमिंग वापरण्याजोगं आहे.

ठरवलंय ते असं. फेस आणि लगच्या सीट करून घेतो, आटे नाहीत. बोल्टला बुश. रिकॉइल लग सपाट घासलेली, ती फार महाग नाही. बाकी यादी रद्द. बॅरल ३० इंची, १० चा ट्विस्ट (दहा इंचात एक पीळ), आणि चेंबर तोच माणूस करणार. उरलेल्या पैशात गोळ्या आणि न्यू मेक्सिकोतल्या रेटनला एक मॅच, तिथली व्हिटिंग्टन सेंटर रेंज बघायचीच आहे. दुसरी रायफल कधी बांधली तर ती शून्यापासून असेल आणि कस्टमच असेल, गोफण यांचं ते म्हणणं मनापासून पटलंय.

एक शेवटचं, गनस्मिथ विचारतोय चेंबर रीमर (चेंबर कापायचं हत्यार) कोणता. मला १७५ मारायच्यात की २००, हेच ठरलेलं नाही. २०० चं बरंच ऐकतोय.

पश्चिमवारा
मस्त निर्णय. रीमरच्या आधी गोळी ठरवा, उलट नको. ६०० लाच खेळायचं असेल तर १७५-१८५ मध्ये पण काम होतं, झटका कमी, रायफल बायपॉडवर कमी उडते. १००० यार्डाला पण जायचं असेल, आणि रेटनला जाताय म्हणजे जाणारच, तर बर्जरची २०० ग्रेनची २०-एक्स, १० चा ट्विस्ट तिला बरोबर आहे. पण तिला घसा लांब लागतो, १७५ साठी काढलेल्या छोट्या घशात ती केसमध्ये खोल बसवावी लागते आणि पावडरची जागा खाते. एफ-टीआरला आपण एकेक राउंड हाताने टाकतो, मॅगझिनची लांबी आड येत नाही, त्यामुळे घसा लांब ठेवायला हरकत नाही. जी गोळी ठरेल तिच्या बिनपावडरच्या, बिनप्रायमरच्या दोन डमी राउंड, तुम्हाला हव्या त्या लांबीला बसवून, गनस्मिथकडे द्या, तो रीमरचं ड्रॉइंग त्याला जुळवून घेईल.

आणि वजन. एफ-टीआरला बायपॉड, दुर्बीण, सगळं धरून ८.२५ किलोची मर्यादा आहे. ३० इंची जाड बॅरल, जाड स्टॉक आणि मोठी दुर्बीण म्हटली की काटा पटकन वर जातो. स्टॉक, दुर्बीण, रिंग्ज, बायपॉड आजच किचनच्या काट्यावर एकेक करून ठेवा, बेरीज करा, आणि बॅरलला किती ग्रॅम उरले ते बघून कॉन्टूर (बॅरलची बाहेरची जाडी) सांगा. बॅरलची ऑर्डर त्यानंतरच द्या.